सत्तेचाळीस नंबर

लाइपझिगच्या कडेला, मालगाड्यांच्या रुळांमागे,
फूटपट्टीने आखून दिलेल्या बागांची एक वसाहत आहे.
माझा तुकडा शेहेचाळीस. एकेहार्ट लिंडोचा सत्तेचाळीस.
मध्ये कमरेएवढं कुंपण;
त्याहून उंच कुंपण नियमांत बसत नाही.

तो आला त्या वसंतात सगळ्यांच्या ट्युलिप लाल-पिवळ्या,
याच्या काळ्या.
पॅन्झी काळी, गुलखैरा काळा,
डेलियाची पानंसुद्धा तव्याच्या बुडासारखी,
आणि वाटेच्या कडेने काळंच गवत,
नुकत्या विंचरलेल्या केसांसारखं.
त्याच्या फाटकाशी काळं कुत्रंही फिरकायचं नाही
असं म्हणणार होते, पण एक फिरकायचं,
आणि वाफ्यात जाऊन बसलं की दिसायचंच नाही.

दुसऱ्या वर्षी मी विचारलं, "कुणी गेलं का हो तुमचं?"
गुडघ्यांवर बसून तो झाडांखाली पांढरी खडी पसरत होता.
"जाणारे गेलेत," म्हणाला. "हे त्यांच्यासाठी नाही."
खडी कशासाठी, ते मात्र मलाच उमगलं:
काळ्या मातीवर काळं झाड म्हणजे नुसतं भोक.

एका वेळी एकच वाक्य.
पुढचं पुढच्या शनिवारी.
छापखान्यात रात्रपाळी, एकतीस वर्षं.
शनिवार.
पहाटे तीनला वर्तमानपत्र कोमट असतं, पावासारखं.
शनिवार, पाऊस, तो आलाच नाही.
मग एकदम चार वाक्यं:
"निळा, किरमिजी, पिवळा एकावर एक छापले
की काळा होतो, असं नव्या पोरांना वाटतं.
होत नाही. चिखल होतो.
काळ्याला स्वतःची प्लेट लागते."

ऑगस्टात समितीच्या रोसविता कुनाट आल्या,
काखेत फाइल, हातात टेप.
बागेचा तिसरा हिस्सा खाण्याजोगा हवा.
शिवाय एक तक्रार आहे, म्हणाल्या,
वसाहतीच्या मधोमध स्मशान दिसतं म्हणे.
त्याने उत्तर दिलं नाही.
काळे टोमॅटो दाखवले, काळी गाजरं उपटून दाखवली,
वाल सोलून दाखवला, दाणे शाईच्या थेंबांसारखे.
त्यांनी टेप ताणली, मोजलं, पुन्हा मोजलं.
तिसऱ्या हिश्शाहून चार वीत जास्तच भरलं.
जाताना एक टोमॅटो त्यांनी फाइलवर ठेवून नेला.
एक त्याने कुंपणावरून मला दिला.

तक्रार माझी होती.
पहिल्या वर्षीची, सहीशिवाय,
पण अक्षर ओळखू येतं
ज्याने एकतीस वर्षं अक्षरंच बघितली त्याला.
टोमॅटो मी ओट्यावर कापला.
आत लालच होता, जरासा खारट.

मग मी बघायला लागले.
त्याच्या डेलियाशेजारी माझी लेट्यूस
इतकी हिरवी दिसायची की तोडवेना.
जुलैत रात्री नऊला सूर्य मालडब्यांमागे उतरतो,
नेमका गुलखैऱ्याच्या पाठीशी.
चंद्रकळेचा पदर दिव्यासमोर धरावा
तशी ती फुलं उसवत गेली,
आधी जांभळाचा गर, मग वाइन,
मग कडेला एक लाल धागा.
म्हणजे काळी नव्हतीच.
म्हणजे मी इतकी वर्षं उजेडाच्या
चुकीच्या बाजूला खुर्ची टाकून बसत होते.
एक भुंगा आत शिरला, बाहेर आला,
अंगभर पिवळी पूड माखून.

शरदात त्याने बिया दिल्या,
वर्तमानपत्राच्या पुडीत, मथळ्याच्या कोपऱ्यात.
मी माझ्या गुलाबी गुलखैऱ्यांजवळ पेरल्या.
फुलायला दोन उन्हाळे लागले. फुलली काळीच.
त्यांच्या बिया मी पुन्हा पेरल्या,
त्या आल्या या जुलैत:
ना गुलाबी, ना काळ्या,
धुतल्या कपबशीतल्या कॉफीच्या रंगाच्या.

लिंडो कुंपणाशी आला. चष्मा कपाळावर सरकवला.
"चिखल," म्हणाला,
आणि हसला, मी पहिल्यांदाच पाहिलं, खालचा एक दात नाही.

आज गुरुवार.
पुढचं वाक्य अजून यायचंय.